धरून चाललेल्या गोष्टी

पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या दारावर दिसते तशी एक पाटी घ्या : ‘येथे वाहन लावू नये. लावल्यास चाकातील हवा सोडण्यात येईल.’ पाटी लावणाऱ्याने काय काय धरून चालले आहे? इथे लोक वाहने लावतात, निदान लावण्याची शक्यता आहे, हे त्याने धरले आहे. नाहीतर पाटी रंगवण्याचा खर्च कशाला करायचा? वाहन लावायला आलेला माणूस पाटी वाचेल, हेही धरले आहे. हवा गेलेले चाक कुणालाच नको असते, हेही. पण ‘दुसऱ्याच्या वाहनाची हवा सोडणे कायद्यात बसते’ असे त्याने मानले आहे का? मुळीच नाही. कायदा त्याला चांगला ठाऊक असेल आणि तरीही त्याने पाटी ठोकली असेल. ‘हवा सोडायला वाड्यात दिवसभर कुणीतरी हजर असते’ हे तरी? इथे जरा थांबावे लागते. धमकी पोकळ असू शकते. पाटीचे काम होण्यासाठी एकाही चाकाची हवा जायला नको. ती जाईल असे वाचणाऱ्याला वाटले की झाले. पाटीवाल्याने भिस्त ठेवली आहे ती वाचणाऱ्याच्या धास्तीवर.

एवढा विचार ज्याला करता येतो त्याला या पुस्तकातले अर्धेअधिक प्रश्न सुटतील. उरलेल्यांसाठी थोडी शिस्त लागते, आणि ती शिस्त नेमकी कुठली हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे.

स्पर्धा परीक्षेच्या वाटेला गेलेल्या मुलामुलींना ‘विधान आणि गृहीतके’ हा प्रकार नवा नाही. वर एक विधान, खाली दोन किंवा तीन गृहीतके, आणि पर्याय ठरलेले : फक्त पहिले अंतर्निहित आहे, फक्त दुसरे आहे, दोन्ही आहेत, एकही नाही. बीएसआरबी या जुन्या बँकभरती मंडळाच्या काळापासून बँकांच्या परीक्षांत हा नमुना रुळलेला आहे. आर. एस. अगरवालांच्या ज्या जाडजूड पुस्तकावर अभ्यासिकांच्या पिढ्या पोसल्या, त्यात त्याचे स्वतंत्र प्रकरणच आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११मध्ये पूर्वपरीक्षेत सीसॅट हा कलचाचणीचा पेपर आणला, २०१३मध्ये आपल्या राज्यसेवेनेही तोच मार्ग धरला, आणि हा प्रश्न वेश बदलून उताऱ्यांखाली येऊन बसला : ‘वरील उताऱ्यावरून पुढील गृहीतके करण्यात आली आहेत, त्यांपैकी वैध कोणती?’ कायद्याच्या प्रवेशासाठीच्या क्लॅटनेही २०२०पासून उताऱ्यांवरच भर दिला आहे. अमेरिकेतल्या एलसॅट या कायदा-प्रवेश परीक्षेने २०२४च्या ऑगस्टपासून आपला गाजलेला कोड्यांचा विभाग काढून टाकला आणि त्याच्या जागी युक्तिवादाच्या प्रश्नांचा आणखी एक विभाग दिला. गृहीतके शोधण्याचे काम तिथे आता पूर्वीपेक्षा जास्त करावे लागते.

या सगळ्यांच्या मागे एक जुनी अमेरिकी चाचणी उभी आहे. गुडविन वॉटसन आणि एडवर्ड ग्लेझर या दोघांनी चिकित्सक विचार मोजण्यासाठी जी चाचणी तयार केली, तिच्या पाच भागांपैकी एक होता गृहीतके ओळखण्याचा. वर छोटेसे विधान, खाली काही वाक्ये, आणि प्रत्येकापुढे खूण करायची : धरले आहे, धरलेले नाही. आपल्या बँकांच्या प्रश्नांची बांधणी याच्याशी इतकी जुळते की नाते सांगायला वंशावळ काढावी लागू नये. इंग्लंडमधल्या मोठ्या वकिली कंपन्या नोकरभरतीत ती चाचणी अजून वापरतात.

आता मुद्द्याकडे. विद्यार्थी सर्वांत आधी घसरतो तो दिशेत. निष्कर्ष विधानाच्या पुढे असतो आणि गृहीतक विधानाच्या मागे. ‘धरण भरले’ यावरून काय निघते, हा एक प्रश्न. ‘धरण भरले म्हणून चिंता नाही’ असे म्हणणाऱ्याने आधीच काय मानले आहे, हा दुसरा. दोन्हींकडे पाहताना डोळे सारखेच वाक्य वाचतात, म्हणून गफलत होते. एखादे वाक्य विधानावरून सहज निघते आहे असे दिसले की विद्यार्थी त्याला गृहीतक म्हणून मोकळा होतो. परीक्षकालाही हे माहीत असते. त्यामुळे खालच्या दोनांपैकी एक वाक्य पुष्कळदा मुद्दाम निष्कर्षाचे दिलेले असते.

दुसरी घसरण जास्त शहाण्या मुलांची असते. त्यांना जग माहीत असते. प्रश्न येतो : ‘राज्यातल्या सर्व ग्रामीण शाळांना येत्या वर्षी संगणक देण्याचा निर्णय शासनाने घेतला आहे.’ खाली गृहीतक असते : ‘ग्रामीण शाळांमध्ये वीज आहे किंवा तोपर्यंत येईल.’ खेड्यात शिकलेला मुलगा हसतो. त्याच्या शाळेत बल्ब होता, वीज असायची ती शाळा सुटल्यावर. हे धादांत खोटे आहे असे ठरवून तो ‘अंतर्निहित नाही’ वर खूण करतो आणि गुण घालवतो. प्रश्न विजेबद्दल नव्हताच. निर्णय घेणाऱ्याने काय धरले, एवढेच विचारले होते, आणि त्याने वीज धरली होती. खोटे गृहीतक हेही गृहीतकच असते. किंबहुना सार्वजनिक कामे बोंबलतात ती बहुधा अशाच गृहीतकांपायी. ज्याला हे कळते तो हुशार नागरिक ठरतो, पण परीक्षेत त्याला आपले हे कळणे बाहेर ठेवून बसावे लागते. हे अन्यायाचे वाटते, आणि थोडेसे आहेही.

मला सांगायची असलेली मुख्य गोष्ट इथून सुरू होते. ‘विधान’ या एका नावाखाली परीक्षा दोन अगदी वेगळ्या गोष्टी देते आणि दोन्हींना एकच प्रश्न विचारते. एक असतो युक्तिवाद : अमुक आहे, म्हणून तमुक. दुसरी असते नुसती कृती : सूचना, जाहिरात, सल्ला, आदेश, पाटी. युक्तिवादात कारण आणि निष्कर्ष यांच्यामध्ये फट असते आणि गृहीतक ती फट बुजवते. कृतीत अशी फट नसते, कारण तिथे निष्कर्षच नसतो. तिथे विचारायचे असते की हा माणूस हे बोलला, ते काय मनात धरून. क्लासच्या फळ्यावर दोन्हींसाठी एकच युक्ती लिहिली जाते, म्हणून ती अर्ध्या वेळा चालते आणि अर्ध्या वेळा दगा देते.

आधी युक्तिवाद घेऊ, आणि जरा सविस्तर घेऊ, कारण इथे खोदायला पुष्कळ आहे. समजा कुणी म्हणाले : ‘खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणे यंदा जुलैतच भरली, तेव्हा येत्या उन्हाळ्यात पुण्यात पाणीकपात होणार नाही.’ खाली चार वाक्ये आहेत. (१) पाणीकपात फक्त धरणांतला साठा कमी पडल्यामुळेच होते. (२) येत्या उन्हाळ्यात साठ्याखेरीज दुसऱ्या कारणाने कपात करावी लागणार नाही. (३) शेतीची आवर्तने सोडूनही भरलेला साठा शहराला उन्हाळाभर पुरेल. (४) पुणेकर पाणी जपून वापरतील.

बहुतेकांचे बोट आधी पहिल्यावर जाते. ते वाक्य मोठे आणि पुरेसे वाटते. ते तिसऱ्याच्या जोडीला बसवले तर निष्कर्ष खरोखरच पक्का होतो. पण बोलणाऱ्याला त्याची गरज आहे का? कपात कधी मुख्य जलवाहिनी फुटल्याने होते, कधी पंपिंग स्टेशनच्या दुरुस्तीसाठी होते, हे त्याला पूर्ण मान्य असू शकते. ‘एरवी होत असेल, या उन्हाळ्यात तसे काही घडणार नाही,’ एवढे त्याने मानले तरी त्याचे म्हणणे उभे राहते. म्हणजे दुसरे वाक्य त्याला सोडता येत नाही, पहिले सोडता येते. पहिले तिसऱ्याच्या जोडीने पुरेसे आहे पण आवश्यक नाही. दुसरे आवश्यक आहे पण एकट्याने पुरेसे नाही. एलसॅटमध्ये या दोन जातींचे प्रश्न वेगवेगळे विचारतात आणि प्रश्नाच्या शब्दांवरूनच जात कळते. आपल्याकडच्या प्रश्नांत ‘अंतर्निहित’ म्हणजे जवळजवळ नेहमी आवश्यक.

तिसरे वाक्यही आवश्यक आहे, आणि ते बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. खडकवासल्याचे पाणी शहर एकटे पीत नाही. त्याचा कालवा दौंड-इंदापूरकडे जातो आणि उन्हाळी आवर्तनावरून शहर आणि शेती यांची ओढाताण ठरलेली असते. शहरात बसून बोलणाऱ्याच्या युक्तिवादात हे पाणी अदृश्य असते. गृहीतके अशीच असतात. ज्याची जागा आपल्या अंगणात नाही ते आपल्याला दिसत नाही. चौथे वाक्य मात्र फसवे आहे. ते ऐकायला चांगले, नागरिकशास्त्राच्या पुस्तकातल्यासारखे वाटते, म्हणून निवडावेसे वाटते. पण पुणेकरांनी नेहमीसारखे पाणी सांडले तरी साठा पुरू शकतो. बोलणाऱ्याला त्यांच्या सद्वर्तनाची गरज नाही.

हे ठरवताना आपण नकळत एक कसोटी वापरली : वाक्य उलटवून पाहायचे, आणि युक्तिवाद कोसळतो का ते बघायचे. कोसळला तर ते वाक्य गृहीतक. क्लासमध्ये हिला ‘निगेशन’ म्हणतात. कसोटी चांगली आहे, फक्त उलटवायचे कसे हे नीट शिकवले जात नाही. ‘सर्व विद्यार्थ्यांना इंग्रजी येते’ याचे उलट ‘एकाही विद्यार्थ्याला इंग्रजी येत नाही’ असे मुले करतात. खरे उलट आहे ‘काही विद्यार्थ्यांना इंग्रजी येत नाही’. पहिल्या उलटण्याने जवळजवळ कुठलाही युक्तिवाद कोसळेल आणि मग जे आवश्यक नाही तेही आवश्यक वाटू लागेल. तसेच ‘होऊ शकते’ याचे उलट ‘होणार नाही’ नव्हे, ‘होणे शक्यच नाही’. नकार जेवढा लागतो तेवढाच द्यायचा, त्याहून तसूभरही जास्त नाही.

आता कृती. घरातून निघताना आई म्हणते, ‘आभाळ आलंय, छत्री घेऊन जा.’ खाली वाक्य : ‘आज पाऊस पडेल.’ उलटवा : आज पाऊस पडणार नाही. सल्ला कोसळला का? दिवसभर थेंब पडला नाही आणि छत्री तशीच कोरडी परत आली तरी आईचा सल्ला चुकीचा ठरत नाही. तो त्या वेळी शहाणपणाचाच होता. इथे जगातली वस्तुस्थिती उलटवून उपयोग नसतो. बोलणाऱ्याच्या मनातली समजूत उलटवावी लागते : ‘पाऊस येणे शक्यच नाही’ असे आईला वाटत असते तर ती हे बोलली असती का? नसती. म्हणजे तिने धरले आहे ते ‘पाऊस येऊ शकतो’ एवढेच. ‘पडेल’ हा तिच्या तोंडी आपण घातलेला जास्तीचा शब्द. सूचना, जाहिराती, सरकारी आवाहने या सगळ्यांसाठी हीच कसोटी : याला उलटे माहीत असते तर हा हे बोलला असता का? वाड्याच्या पाटीचे उत्तरही तिनेच निघते. हवा सोडायला माणूस नाही हे पाटीवाल्याला माहीत असूनही तो पाटी लावील. वाचणारे घाबरणारच नाहीत हे माहीत असते तर लावली नसती.

जाहिरातींचे प्रश्न या कसोटीने मिनिटात सुटतात. ‘शुल्क इतरांच्या निम्मे. जागा मर्यादित. आजच नाव नोंदवा.’ क्लास निवडताना लोक शुल्काचा विचार करतात, हे धरलेले आहे. जागा संपतील या भीतीने माणूस लवकर हलतो, हेही. ‘हा क्लास सर्वांत चांगला आहे’ हे धरलेले नाही. जाहिरातीत गुणवत्तेचा ब्रही नाही. ‘लोक फक्त शुल्क पाहूनच क्लास निवडतात’ हेही नाही.

‘फक्त’चा विषय निघालाच आहे तर अभ्यासिकांमध्ये फिरणाऱ्या एका नुसख्याबद्दल बोलायला हवे. ‘फक्त, सर्व, नेहमी, सर्वोत्तम हे शब्द दिसले की गृहीतक चूक.’ हा नुसखा पुष्कळदा लागू पडतो, कारण बोलणारा सहसा एवढे टोकाचे काही मानत नसतो. पण त्यामागचे कारण न कळता तो पाठ केला की मोक्याच्या जागी तोंडघशी पाडतो. ‘कपाटाची किल्ली सुरेशकडे होती, तेव्हा पैसे त्यानेच काढले.’ इथे ‘किल्ली फक्त सुरेशकडेच होती’ हे वाक्य उलटवून पाहा. आणखी कुणाकडे दुसरी किल्ली असेल तर ‘त्यानेच’ म्हणायला आधार उरत नाही. इथे ‘फक्त’ लागतेच. निष्कर्षच टोकाचा असला की गृहीतकही तेवढेच टोकाचे लागते. शब्दाला दोष देण्याआधी निष्कर्ष किती मोठा आहे ते पाहावे.

‘त्यानेच’ मधला तो ‘च’ मराठीच्या विद्यार्थ्याने कान देऊन ऐकावा. आपल्या भाषेत गृहीतकांची पुष्कळशी वाहतूक अशा चिमुकल्या शब्दांतून होते. ‘सुरेशही आला’ म्हटले की आणखी कुणी आले आहे हे धरलेले असते. ‘अजून रस्ता झाला नाही’ म्हटले की एव्हाना तो व्हायला हवा होता हे धरलेले असते. ‘यंदा तरी पाऊस वेळेवर यावा’ यात मागच्या वर्षांची सगळी रड दोन अक्षरांत बसली आहे. या जातीच्या गृहीतकांची एक गंमत अशी की मूळ वाक्याला नकार दिला तरी ती जागची हलत नाहीत. ‘महापालिकेने खड्डे बुजवले’ आणि ‘महापालिकेने खड्डे बुजवले नाहीत’ या दोन्हींत खड्डे होतेच. तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलने १९०५मध्ये फ्रान्सच्या अस्तित्वातच नसलेल्या राजाच्या टकलाबद्दलचे वाक्य घेऊन या प्रश्नाला हात घातला. त्याच्या मते राजाचे असणे हा त्या वाक्याच्या अर्थाचाच भाग, म्हणून वाक्य खोटे. १९५०मध्ये पीटर स्ट्रॉसनने त्याला उत्तर दिले की ते असणे आधीच धरलेले आहे, आणि राजाच नसल्यावर खरे-खोटेपणाचा प्रश्नच उद्भवत नाही. वाद अजून मिटलेला नाही. परीक्षार्थ्याने त्यातून एवढेच उचलावे : इथे नकार द्यायचा तो विधानाला, आणि मघाच्या कसोटीत द्यायचा तो गृहीतकाला. दोन नकारांची सरमिसळ झाली की डोके गरगरते.

ही विद्या पश्चिमेकडूनच आली असे समजायचे कारण नाही. नैयायिकांनी, म्हणजे आपल्याकडच्या न्यायदर्शनाच्या पंडितांनी, दुसऱ्याला पटवण्यासाठी करायच्या अनुमानाचे पाच अवयव सांगितले : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून आग आहे. शाळेत हे पाच तुकडे लांबण लावल्यासारखे वाटतात. पण तिसरा तुकडा पाहा. रोजच्या बोलण्यात आपण ‘धूर दिसतोय, आग असणार’ म्हणतो आणि ‘जिथे धूर तिथे आग’ गिळून टाकतो. नैयायिक ते गिळू देत नाहीत. ज्यावर सगळे उभे आहे ते उदाहरणासकट मांडायलाच लावतात. वाद घालणाऱ्याचे गृहीतक त्याच्याच तोंडून वदवून घेण्याची ही सोय आहे. आणि ते बाहेर आले की तपासता येते. उलट बाजूने ‘आग आहे, म्हणून धूर असणार’ असे कुणी म्हटले तर ते लाल तापलेला लोखंडाचा गोळा पुढे करतात : आग आहे, धूर कुठे आहे? धूर निघतो तो इंधन ओले असले तर. या चोरून आलेल्या अटीला त्यांनी उपाधी हे नाव दिले. गृहीतकांचे प्रश्न सोडवणारा विद्यार्थी दिवसभर ओले इंधनच शोधत असतो.

मीमांसादर्शनाच्या पंडितांचे, म्हणजे मीमांसकांचे, अर्थापत्तीचे उदाहरण तर या परीक्षेसाठीच केल्यासारखे आहे. देवदत्त गुटगुटीत आहे आणि दिवसा जेवत नाही; तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. रात्रीचे जेवण मानले नाही तर बाकीच्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. ‘हे मानले नाही तर जुळत नाही’ याला त्यांनी अन्यथानुपपत्ती म्हटले, आणि क्लासमधले ‘निगेशन’ याहून फार निराळे नाही. अर्थापत्ती हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन आहे असे मीमांसक म्हणत. नैयायिक म्हणत की हे अनुमानच, वेगळे खाते उघडायला नको. आजचा विद्यार्थी थायरॉइडचे नाव काढील आणि देवदत्ताला रात्रीच्या जेवणाच्या आरोपातून सोडवील. त्याचेही बरोबर आहे. अंगावर मांस चढते ते जेवणानेच, हे उदाहरण देणाऱ्यांनी धरूनच चालले होते.

अ‍ॅरिस्टॉटलने ‘वक्तृत्वशास्त्र’ या ग्रंथात दुसऱ्या बाजूने विचार केला : वक्ता काही पदे गाळतो ते बरेच करतो. डोरिअस नावाच्या खेळाडूला मुकुटाचे बक्षीस असलेल्या स्पर्धेत विजय मिळाला हे सांगायचे तर तो ऑलिम्पियाला जिंकला एवढे म्हणणे पुरते. तिथे मुकुट मिळतो हे ऐकणाऱ्याला माहीत असते. मधले पद श्रोता स्वतः भरतो आणि त्यामुळे म्हणणे त्याला आपलेसे वाटते. राजकीय सभांना गेलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. न बोललेल्या गोष्टीला विरोध करणे अवघड असते, कारण ती आपणच मनात बोललेली असते.

मग प्रत्येक गृहीतक बोलून टाकले तर? ‘अ‍ॅलिस’वाल्या लुइस कॅरलने १८९५मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात एक छोटा संवाद लिहून हा रस्ता बंद केला. त्यात कासव अकिलीसला म्हणते : तुझी दोन्ही कारणे मला मान्य आहेत, पण त्यांवरून निष्कर्ष निघतो हे मला अजून मान्य नाही. अकिलीस बिचारा ‘ही दोन खरी असतील तर निष्कर्ष खरा’ हे तिसरे वाक्य वहीत लिहितो. कासव म्हणते, तिन्ही मान्य. पण या तिन्हींवरून निष्कर्ष निघतो हे कुठे लिहिले आहेस? चौथे वाक्य. मग पाचवे. वही संपत येते, कासव संपत नाही. कारणांपासून निष्कर्षाकडे जाण्याचा नियम हा आणखी एक कारण म्हणून लिहिता येत नाही. कुठेतरी लिहिणे थांबवून पाऊल उचलावे लागते.

परीक्षार्थ्याला याचा थेट उपयोग आहे. उलटवण्याची कसोटी काटेकोर लावली तर वाड्याच्या पाटीत ‘लोकांना दिसते’, ‘रंग उद्यापर्यंत टिकेल’, ‘वाहनांना चाके असतात’ ही सगळी गृहीतके निघतील. ती आहेतच. पण प्रश्न काढणारा ती विचारत नाही. आणि ‘लोक पाटी वाचतात’ हे मात्र विचारतो, आणि उत्तरतालिकेत ते ‘अंतर्निहित’ असते. सीमा कुठे आहे? तर्कशास्त्रात ती नाहीच, ती रिवाजात आहे. माझ्या मते रिवाज साधारण असा : जे न घडण्याची खरीखुरी शक्यता आहे तेच विचारण्याजोगे. लोक पाट्या वाचत नाहीत, हे आपण रोज बघतो. चाके नसलेले वाहन कुणी पाहिलेले नाही.

रॉबर्ट एनिस या अमेरिकी तत्त्वज्ञाने आणखी एक भेद दाखवला आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. बोलणाऱ्याने खरोखर मनात वापरलेली गृहीतके वेगळी आणि त्याच्या युक्तिवादाला लागणारी वेगळी. धरणांबद्दल बोलणाऱ्याच्या मनात कदाचित शेतीचा विचार एकदाही आला नसेल. तरी त्याच्या युक्तिवादाला तिसरे वाक्य लागतेच. उलट, त्याने मनात भलतेच काही धरले असेल, जे युक्तिवादाला लागतही नाही. परीक्षक कुणाच्या मनात शिरू शकत नाही. म्हणून युक्तिवादात ‘काय लागते’ एवढेच विचारले जाते, आणि ते उघड न सांगता ‘त्याने काय धरले’ असे म्हटले जाते. कृतीच्या प्रश्नांत मात्र मनाला टाळता येत नाही, हे छत्रीने दाखवलेच. उत्तरतालिका निघाल्यावर हरकतींचा पाऊस पडतो, त्यातल्या बऱ्याच हरकती या दोन अर्थांच्या मधल्या जागेत उगवलेल्या असतात. काही वेळा विद्यार्थ्याचेच बरोबर असते, हे मी जबाबदारीने म्हणतो.

आपल्याकडे अकरावी-बारावीच्या कला शाखेत तर्कशास्त्र हा विषय आहे. तो घेणारे थोडे, आणि घेतलेल्यांपैकी पुष्कळजण पुढे याच परीक्षांना बसतात. पण वर्गातले तर्कशास्त्र आणि परीक्षेतले रिझनिंग यांची ओळख करून देण्याचे काम सहसा कुणी करत नाही. सीसॅटच्या पेपरात दोन तासांत ऐंशी प्रश्न सोडवायचे असतात. दर प्रश्नाला दीड मिनिट, आणि चूक झाली तर गुण कापले जातात. तिथे नैयायिक आणि कासव आठवत बसायला सवड नसते. ते सगळे आधी, सवडीने वाचायचे असते, म्हणून ते इथे घातले.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडेसे. पहिल्या भागात फक्त युक्तिवाद आहेत, दुसऱ्यात फक्त कृती, आणि तिसऱ्यापासून दोन्ही मिसळलेले आहेत. हा क्रम मोडू नये. उत्तरांसोबत प्रत्येक वाक्याचे नेमके उलटे वाक्यही छापले आहे. स्वतःचे उलटे वाक्य आधी कागदावर लिहून मग ते पाहावे. शेवटच्या भागातल्या काही प्रश्नांपुढे दोन उत्तरे दिसतील, छपाईची चूक समजू नये. तिथे ‘धरले’चा एक अर्थ घेतला तर एक उत्तर येते आणि दुसरा घेतला तर दुसरे, दोन्हींची कारणे दिली आहेत. परीक्षेत असा प्रश्न आला तर बहुतेक उत्तरतालिका कोणत्या बाजूला झुकतात तेही तिथेच नोंदवले आहे. मला पटणारी बाजू काही ठिकाणी त्याहून वेगळी आहे, आणि ती तशीच ठेवली आहे.